चेहऱ्याची पार्श्वरेषा

नाण्यावर राजाचे मुख कोरतात, ते बहुधा एका बाजूने पाहिलेले असते. कपाळ, नाक, ओठ व हनुवटी यांची मिळून होणारी ही कड म्हणजे चेहऱ्याची पार्श्वरेषा होय. मौज अशी, की समोरच्या आरशात आपली पार्श्वरेषा आपल्याला दिसत नाही. ती दिसते इतरांना. मग ती सुंदर आहे की नाही, हे कोणी ठरवावे?

दातांची ठेवण सुधारणाऱ्या वैद्यांपुढे हा प्रश्न नेहमी उभा राहतो. कारण दात मागे सरकविले, की ओठही थोडे मागे जातात व पार्श्वरेषा बदलते. या शास्त्राचे अमेरिकेतील आद्य आचार्य एडवर्ड अँगल यांना अपोलो देवाच्या एका प्राचीन पुतळ्याचा चेहरा आदर्श वाटे. आदर्श चेहऱ्याचा एखादा नियम सांगावा, असे त्यांनी वुर्पेल नावाच्या चित्रकाराला विचारले. सर्वांना लागू पडेल असा एकच नियम असणे शक्य नाही, असे त्याचे उत्तर होते.

पुढे १९३१ मध्ये डोक्याचे क्ष-किरण-चित्र ठराविक पद्धतीने घेण्याची रीत प्रसिद्ध झाली. जबड्यांचे कोन अंशांत मोजता येऊ लागले आणि वैद्यांनी आदर्श चेहऱ्याची मापे ठरविली. परंतु लोकांची आवड या मापांप्रमाणे चालते काय? १९७० मध्ये पेक नावाच्या दोन संशोधकांनी नटी, सौंदर्यस्पर्धांतील विजेत्या अशा लोकांनी वाखाणलेल्या व्यक्तींचे चेहरे तपासले. त्यांचे ओठ व दात प्रचलित मापांहून काहीसे पुढे आलेले आढळले.

असे का व्हावे? सोनार दागिन्याचा कस आणि वजन पाहतो. घरची माणसे तो गळ्यात कसा शोभतो ते पाहतात. त्याचप्रमाणे वैद्याची सरावलेली नजर हनुवटीतील अल्पसा फरकही टिपते. सामान्य मनुष्य डोळे, हास्य व भाव यांसह सबंध चेहरा पाहतो. दोघांचेही पाहणे खरे असते.

म्हणून सुज्ञ वैद्य केवळ मापांवर विसंबत नाही. चावताना त्रास होत असेल, तर तो उपचार अवश्य सुचवितो. परंतु केवळ रूपाचा प्रश्न असेल, तेव्हा ज्याचा चेहरा त्याचे मत आधी विचारतो. आदर्शाविषयी जाणत्यांचेही एकमत नाही. मग कोणाच्या पुढे आलेल्या दातांवरून वा बसक्या नाकावरून त्याला हिणविण्याचा अधिकार आपल्याला कसा असेल?