अमेरिकन फुटबॉलमधील 'फ्री किक' : नियम, डावपेच व खेळाडूंची सुरक्षितता

प्रस्तावना :

फुटबॉल म्हटले की आपल्याकडे पायाने खेळला जाणारा खेळ डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेत मात्र याच नावाने ओळखला जाणारा खेळ निराळा आहे. त्यात चेंडू लंबगोल असतो, तो हातात घेऊन पळता येतो, फेकता येतो आणि प्रतिस्पर्ध्याला अंगाने अडवून खाली पाडता येते. मैदान १०० यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर लांब असून दोन्ही टोकांना १० यार्डांचा 'एंड झोन' असतो. प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानात उतरतात.

महाराष्ट्राला हा खेळ अगदीच अपरिचित नाही. २०११ मध्ये 'एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया' ही व्यावसायिक स्पर्धा जाहीर झाली. तीत 'पुणे मराठाज' आणि 'मुंबई ग्लॅडिएटर्स' हे दोन संघ होते. २०१२ च्या पहिल्या हंगामाचे विजेतेपद पुणे मराठाज संघाने पटकावले. ही स्पर्धा पुढे स्थिरावली नाही, परंतु तिच्यामुळे या खेळाचे नियम समजून घेण्याची गरज निर्माण झाली. प्रस्तुत लेखात या खेळातील 'फ्री किक' या एकाच घटकाचा विचार केला आहे. चेंडूचा ताबा, वेळ आणि खेळाडूचा जीव या तिन्ही गोष्टी या एका घटकात एकत्र येतात, म्हणून त्याचा अभ्यास महत्त्वाचा ठरतो.

फ्री किक म्हणजे काय?

या खेळातील बहुतेक खेळी एका काल्पनिक रेषेवर सुरू होतात. दोन्ही संघ समोरासमोर उभे राहतात, मधला खेळाडू चेंडू मागे देतो आणि लगेच झटापट सुरू होते. अशा वेळी चेंडू लाथाडणाऱ्यावर प्रतिस्पर्धी धावून जाऊ शकतात. फ्री किकमध्ये तसे नसते. येथे चेंडू मागे दिला जात नाही, प्रतिस्पर्धी संघाला किमान १० यार्ड दूर राहावे लागते आणि किक मारणाऱ्याला कोणीही अडवू शकत नाही. या अर्थाने ती 'फ्री' म्हणजे मोकळी असते. आपल्याकडील फुटबॉलमध्येही फ्री किकच्या वेळी बचावाची भिंत ९.१५ मीटर दूर ठेवतात. हे अंतर म्हणजेच १० यार्ड होय. दोन्ही खेळांचे मूळ एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये आहे.

फ्री किकचे प्रकार :

१) किक-ऑफ : सामन्याच्या व उत्तरार्धाच्या आरंभी, तसेच टचडाउन किंवा फील्ड गोल झाल्यावर किक-ऑफ होते. गुण मिळवणारा संघ किक मारतो व चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. चेंडू एंड झोनमध्ये जाऊन थांबला तर 'टचबॅक' होतो, म्हणजे चेंडू परत न आणता ठरावीक रेषेवरून खेळ सुरू करतात.

२) सेफ्टीनंतरची किक : चेंडू घेतलेला खेळाडू स्वतःच्याच एंड झोनमध्ये पकडला गेला तर प्रतिस्पर्ध्याला २ गुण मिळतात. त्यास 'सेफ्टी' म्हणतात. यानंतर गुण गमावलेल्या संघालाच आपल्या २० यार्ड रेषेवरून किक मारावी लागते. म्हणजे गुणही जातात आणि चेंडूही जातो. येथे चेंडू हातातून सोडून मारलेली 'पंट' चालते.

३) फेअर कॅच किक : उंच आलेला चेंडू झेलणाऱ्याने हात वर करून हलवला तर त्याला कोणी स्पर्श करू शकत नाही, मात्र त्यालाही पुढे धावता येत नाही. अशा झेलानंतर त्याच जागेवरून थेट गोलखांबांकडे किक मारण्याचा पर्याय व्यावसायिक नियमांत आहे. चेंडू खांबांमधून गेल्यास ३ गुण मिळतात. महाविद्यालयीन नियमांत हा पर्याय नाही.

डावपेचांचे मर्म :

साध्या पंटनंतर, प्रतिस्पर्ध्याचा स्पर्श झाल्याशिवाय, किक मारणाऱ्या संघाला चेंडूवर ताबा मिळवता येत नाही. फ्री किकमध्ये चेंडूने १० यार्ड पार केले की तो दोन्ही संघांचा होतो. जो प्रथम ताब्यात घेईल त्याचा चेंडू. या एका फरकातून 'ऑनसाइड किक' हा डाव जन्माला आला. पिछाडीवरील संघ चेंडू मुद्दाम जवळच, जमिनीवर उसळेल असा मारतो आणि त्यावर झडप घालतो. मात्र ताबा मिळवलेल्या खेळाडूला चेंडू घेऊन पुढे पळता येत नाही.

या डावात धोका मोठा असतो. तो फसला तर प्रतिस्पर्ध्याला जवळच्या जागेवरून आक्रमण मिळते. म्हणूनच त्याचे यश अनपेक्षितपणावर अवलंबून असते. ७ फेब्रुवारी २०१० रोजी सुपर बोलच्या अंतिम सामन्यात न्यू ऑर्लिन्स सेंट्स संघ मध्यांतरास ६-१० असा मागे होता. उत्तरार्धाची पहिलीच किक थॉमस मॉर्स्टेडने ऑनसाइड मारली. इतक्या लवकर असे काही होईल याची इंडियानापोलिस कोल्ट्सला कल्पना नव्हती. सेंट्सने चेंडू मिळवला आणि पुढे सामना ३१-१७ असा जिंकला.

सेफ्टीनंतरच्या किकचा उपयोग नेमका उलट आहे. तो आघाडीवरील संघ वेळ काढण्यासाठी करतो. ३ फेब्रुवारी २०१३ च्या अंतिम सामन्यात बाल्टिमोर रेव्हन्स ३४-२९ असा पुढे होता व काही सेकंदच उरले होते. सॅम कॉकने साधी पंट मारण्याऐवजी स्वतःच्या एंड झोनमध्ये चेंडू घेऊन इकडेतिकडे वेळ काढला आणि मग रेषेबाहेर गेला. प्रतिस्पर्ध्याला २ गुण मिळाले, परंतु घड्याळात केवळ ४ सेकंद राहिले. त्यानंतरच्या मोकळ्या किकवर कोणी धावून येण्याचा प्रश्नच नव्हता. किक परत आणणारा सॅन फ्रान्सिस्कोचा खेळाडू अडवला गेला व सामना ३४-३१ असा संपला. दोन गुण देऊन विजेतेपद राखण्याचे हे बोलके उदाहरण आहे.

फेअर कॅच किक क्वचितच दिसते, कारण ती चुकली तर किकच्या जागेवरच चेंडू प्रतिस्पर्ध्याला मिळतो. म्हणून ती मध्यांतराच्या किंवा सामन्याच्या अगदी शेवटी मारतात. १९ डिसेंबर २०२४ रोजी लॉस एंजेलिस चार्जर्सच्या कॅमेरॉन डिकरने डेन्व्हर ब्रॉन्कोजविरुद्ध ५७ यार्डांवरून अशी किक यशस्वी केली. झेल घेताना प्रतिस्पर्ध्याने अडथळा आणल्यामुळे चार्जर्सला १५ यार्डांचा लाभ मिळाला होता. याआधीची यशस्वी किक १९७६ मधील होती, म्हणजे ४८ वर्षे हा नियम पुस्तकात होता, पण त्यावर गुण मिळाला नव्हता.

सुरक्षिततेचा प्रश्न :

किक-ऑफच्या वेळी दोन्ही संघ लांबून, पूर्ण वेगाने एकमेकांवर धावून येत. त्यामुळे या खेळीत दुखापती अधिक होतात. हा प्रश्न जुना आहे. १८९२ मध्ये हार्वर्ड संघाने येल संघाविरुद्ध 'फ्लाइंग वेज' हा डाव वापरला. त्यात चेंडू घेतलेल्या खेळाडूभोवती दोन्ही बाजूंनी धावत येऊन पाचरीसारखी रचना केली जाई. तिच्या धडकेने गंभीर इजा होऊ लागल्या, म्हणून १८९४ मध्ये ती बंद करण्यात आली आणि किक-ऑफचा चेंडू प्रत्यक्ष १० यार्ड जाण्याची अट आली.

आधुनिक काळातील आकडेही हेच सांगतात. आयव्ही लीग या अमेरिकेतील आठ विद्यापीठांच्या स्पर्धेत २०१५ च्या हंगामात एकूण खेळींपैकी किक-ऑफ केवळ ६ टक्के होत्या, परंतु मेंदूला बसलेल्या आघातांपैकी २१ टक्के त्यांतून झाले. २०१६ मध्ये तेथे किक ३५ ऐवजी ४० यार्ड रेषेवरून मारण्यास सुरुवात झाली व टचबॅकनंतरची रेषा २५ वरून २० वर आणली. टचबॅक वाढले आणि दर हजार किक-ऑफमागे मेंदू-आघातांचे प्रमाण सुमारे ११ वरून सुमारे २ पर्यंत खाली आले.

परंतु टचबॅक वाढले की खेळातील रंगत जाते. फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलमध्ये सर्वच्या सर्व १३ किक-ऑफ टचबॅक ठरल्या. एकाही वेळी चेंडू परत आणला गेला नाही. यावर उपाय म्हणून एनएफएलने २०२४ पासून नवी रचना स्वीकारली. किक मारणारा ३५ यार्ड रेषेवर राहतो, परंतु त्याचे दहा सहकारी थेट प्रतिस्पर्ध्याच्या ४० यार्ड रेषेवर उभे राहतात. समोरच्या संघाचे बहुतेक खेळाडू त्यांच्यापासून अवघ्या ५ ते १० यार्डांवर असतात. चेंडू जमिनीला किंवा खेळाडूला लागेपर्यंत कोणी हलायचे नाही. त्यामुळे लांब धाव आणि जोराची धडक टळते, पण चेंडू परत आणण्याची चुरस कायम राहते. परत आणलेल्या किकचे प्रमाण २०२३ मध्ये सुमारे २२ टक्के होते, ते २०२४ मध्ये सुमारे ३३ टक्के झाले. २०२५ मध्ये एंड झोनमध्ये थेट पडलेल्या किकनंतरची टचबॅकची रेषा ३० वरून ३५ वर नेण्यात आली, जेणेकरून संघांनी लांब किक मारून वेळ मारून नेऊ नये. याची किंमतही मोजावी लागली. ऑनसाइड किक आता आधी जाहीर करावी लागते आणि २०२५ मध्ये तीही पिछाडीवरील संघालाच मिळत होती. त्यामुळे २०१० सारखा अनपेक्षित डाव व्यावसायिक खेळात आता शक्य नाही.

आपल्या संदर्भात :

बाजारहत्नूरसारख्या आदिलाबाद जिल्ह्यातील भागात काय किंवा मराठवाड्यात काय, शाळेच्या मैदानावर अमेरिकन फुटबॉल दिसणार नाही. तेथे कबड्डी, खो-खो आणि व्हॉलीबॉल आहेत. तरीही क्रीडाशिक्षकास या विषयातून घेण्यासारखे आहे. कबड्डीतही सलग रिकाम्या चढायांमुळे खेळ कंटाळवाणा होऊ लागला, तेव्हा दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरी चढाई 'करा किंवा मरा' ठरवण्यात आली. चुरस टिकवण्यासाठी नियम कसा बदलतो याचे हे घरचे उदाहरण आहे.

याशिवाय २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये 'फ्लॅग फुटबॉल' या प्रकाराचा समावेश झाला आहे. त्यात पाच-पाच खेळाडू असतात, खाली पाडण्याऐवजी कमरेची पट्टी ओढतात आणि किक-ऑफ मुळीच नसते. संघ आपल्या ५ यार्ड रेषेवरून खेळ सुरू करतो. शालेय पातळीवर हा खेळ सुरू करावयाचा झाल्यास हाच प्रकार अधिक योग्य ठरेल.

समारोप :

फ्री किकचा इतिहास पाहिला असता तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, चेंडूवर कोणाचा हक्क आहे हे एका साध्या अंतराने ठरते व त्यातूनच डावपेच निर्माण होतात. दुसरी, नियमांचा सखोल अभ्यास असणारा संघ गुण देऊनही जिंकू शकतो. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, १८९४ पासून आजतागायत या नियमांतील अनेक महत्त्वाचे बदल खेळाडूच्या शरीराची काळजी घेण्यासाठी झाले आहेत. मैदान कोणतेही असो, विद्यार्थ्याला खेळ शिकवताना नियम 'काय आहे' यासोबत तो 'का आहे' हे सांगितले गेले, तर तो नियम केवळ पाठ न होता समजेल आणि पाळलाही जाईल.