कॅचरच्या बदल्यात समालोचक

१९४८च्या उन्हाळ्यात ब्रुकलिन डॉजर्सचा समालोचक रेड बार्बर अल्सरने आजारी पडला. बेसबॉलचा हंगाम ऐन भरात आणि ब्रुकलिनच्या घराघरांत पोचलेला आवाज इस्पितळात. डॉजर्सचे कर्तेधर्ते ब्रँच रिकी यांची नजर गेली जॉर्जिया राज्यातल्या अटलांटाकडे. तिथे एर्नी हारवेल नावाचा तिशीतला माणूस अटलांटा क्रॅकर्स या मायनर लीगमधल्या, म्हणजे मोठ्या लीगच्या खालच्या पायरीवरच्या, संघाचे सामने रेडिओवरून सांगत असे. क्रॅकर्सचे मालक अर्ल मान त्याला करारातून मोकळं करायला तयार झाले, पण फुकट नाही. आम्हाला कॅचर हवाय, तो द्या, असं त्यांनी सांगितलं. रिकींनी क्लिफ डॅपर हा कॅचर अटलांटाला पाठवला आणि हारवेल ब्रुकलिनला आला. खेळाडू देऊन समालोचक घेतल्याचं मोठ्या लीगच्या इतिहासात दुसरं उदाहरण नाही.

हारवेल पुढे डेट्रॉईट टायगर्सचा आवाज म्हणून चार दशकं गाजला. डॅपरच्या वाट्याला मोठ्या लीगमधले आठच सामने आले होते, तेही १९४२ साली. त्या आठ सामन्यांत त्याची फलंदाजीची सरासरी होती .४७१. इतकी सरासरी असलेला माणूस पुन्हा कधी वर गेला नाही, हे मला अजून पटत नाही. २००२ मध्ये डेट्रॉईटला हारवेलचा पुतळा उभा राहिला, तेव्हा हे दोघे पहिल्यांदा भेटले.

मायनर लीगचं सगळं जग या एका सौद्यात दिसतं. तिथे खेळाडू येतात आणि जातात, आवाज मात्र एखाद्या गावात वर्षानुवर्षं मुक्काम करतो. ओहायोतल्या टोलीडो मड हेन्सचे सामने जिम वेबर १९७५ पासून चाळीसहून अधिक वर्षं सांगत होते. तेवढ्या काळात त्या संघातून किती पोरं मोठी होऊन डेट्रॉईटला गेली आणि किती घरी परतली, याची जिवंत नोंद म्हणजे तो एक माणूस.

मेजर लीगचे, म्हणजे मोठ्या लीगचे, तीस संघ आहेत. २०२१च्या फेररचनेपासून प्रत्येकाच्या हाताखाली चार मायनर लीग संघ असतात: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि सगळ्यांत वर ट्रिपल-ए. म्हणजे एकूण १२०. त्याआधी ते १६० होते. चाळीस गावांची या उतरंडीतली जागा एका फटक्यात गेली आणि त्यांतल्या कित्येक गावांना ते अजून सलतं. बहुतेक संघ मध्यम किंवा लहान शहरांतले आहेत: डरहॅम, चॅटनूगा, लान्सिंग, मॉंटगोमेरी. लान्सिंग मोटारींच्या कारखान्यांचं गाव, म्हणून संघ लगनट्स, चाकाच्या नटावरून. मॉंटगोमेरीचा संघ बिस्किट्स. खेळाडूंना पगार मोठा क्लब देतो आणि कुणाला वर न्यायचं हेही तोच ठरवतो. त्यामुळे काल रात्री तीन फटके मारणारा आवडता बॅटर आज संघात नसतो, कारण सकाळीच त्याला वर बोलावलेलं असतं. चाहत्याने आनंद मानायचा आणि नव्या पोराचं नाव पाठ करायचं.

असा संघ जवळून ओळखायचा तर रेडिओसारखं साधन नाही, असं माझं ठाम मत आहे. आता सामन्यांचं चित्रही मिळतं, पण अनेक मैदानांवर ते दोन-तीन कॅमेऱ्यांचं असतं. कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि बाकीचं मैदान नाहीसं होतं. चांगला समालोचक मात्र चेंडू पडायच्या आधी मैदान मांडून ठेवतो.

समजा, सातवी इनिंग चालू आहे. दोन बाद, दुसऱ्या बेसवर धावपटू. पिचर डावखुरा. उजवीकडचा आउटफिल्डर चार पावलं आत आलेला, वारा बाहेरच्या बाजूला वाहणारा. इतकं सांगून समालोचक थांबतो, कारण पिचरही थांबलेला असतो. त्या थांबण्यात मागचं मैदान ऐकू येतं: शेंगदाणे विकणाऱ्याची हाक, बाकड्यावर आपटणारे पोरांचे बूट, एप्रिलच्या थंडीत प्रेक्षक थोडे असतील तर अंपायरला सुनावणारा एखादाच खणखणीत आवाज. मग लाकडी बॅटवर चेंडू बसल्याचा टणत्कार होतो. शब्द त्याच्या मागून येतात. सरावलेल्या कानाला त्या आवाजावरूनच कळतं की चेंडू नीट बसला की बॅटच्या टोकाला लागून वर उडाला. बाळ ज. पंडितांचं क्रिकेटचं मराठी समालोचन ज्यांनी आकाशवाणीवर ऐकलंय, त्यांना हा अर्धा क्षण नव्याने समजावून सांगायला नको.

रेड बार्बर समालोचन करताना समोर तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवत असे. वाळू खाली गेली की स्कोअर सांगायचा आणि घड्याळ उलटं करायचं. आत्ता रेडिओ लावलेल्या माणसाला ताटकळत ठेवू नये, एवढाच त्यामागचा विचार. मायनर लीगच्या तरुण समालोचकांना हा किस्सा आजही ऐकवला जातो.

मोठ्या लीगमध्ये रेडिओच्या खोलीत सहसा दोन समालोचक असतात, शिवाय तंत्रज्ञ आणि आकडे पुरवणारा माणूस. मायनर लीगमध्ये बऱ्याचदा ही सगळी कामं एकाच्याच अंगावर पडतात. दुपारी मैदानावर येऊन तो पत्रकारांसाठी टिपणं तयार करतो, मॅनेजरची मुलाखत घेतो, मिक्सर आणि मायक्रोफोन जोडतो, प्रेक्षकांचा आवाज टिपणारा वेगळा माइक खिडकीबाहेर लावतो. मग जवळजवळ तीन तास एकट्याने बोलतो. मधल्या जाहिरातीही त्यालाच वाचायच्या असतात: गावातला टायरवाला, गावातली बँक, गावातला पिझ्झा. बाहेरगावच्या सामन्यांना तो खेळाडूंच्याच बसने जातो. ट्रिपल-एचा हंगाम १५० सामन्यांचा, त्याखालच्या पायऱ्यांवर १३० ते १४०. पैसा बेताचाच. दर डिसेंबरला बेसबॉलच्या हिवाळी संमेलनात आपल्या आवाजाचे नमुने घेऊन नोकरी शोधणारी तरुण मंडळी जमतात. त्यांतली मोजकीच पुढे मोठ्या लीगच्या खोलीत पोचतात. न्यूयॉर्क मेट्सचे गॅरी कोहेन डरहॅम आणि पॉटकेटमधून वर गेले. २०१९ मध्ये व्हर्जिनियातल्या सेलम संघाचे सामने मेलनी न्यूमन आणि सूझी कूल या दोघींनी मिळून सांगितले. व्यावसायिक बेसबॉलमधली ती पहिली सर्व-महिला समालोचक जोडी. पुढच्याच वर्षी न्यूमन बाल्टिमोर ओरिओल्सकडे गेली.

बसचा खर्च, टेलिफोन लाइनचं भाडं हे प्रश्न जुनेच आहेत. १९३०-४०च्या दशकांत त्यावर एक नामी तोड निघाली होती. समालोचक गावातल्या स्टुडिओतच बसायचा. दूरच्या मैदानावरून तारेने त्रोटक मजकूर यायचा: बॉल, स्ट्राइक, फाउल. तेवढ्यावरून तो सबंध सामना उभा करायचा. लाकडाच्या तुकड्यावर काठी मारून फटक्याचा आवाज काढायचा, गर्दीच्या गलक्याची रेकॉर्ड कमीजास्त करायचा. अटलांटात हारवेलनेही असे सामने सांगितले. या कामातला सर्वांत प्रसिद्ध माणूस पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. रॉनल्ड रेगन आयोवातल्या डी मॉइन शहरात डब्ल्यूएचओ केंद्रावरून शिकागो कब्जचे सामने असे रंगवत असत. एकदा मधेच तार बंद पडली. सामना थांबला असं सांगावं तर श्रोते दुसऱ्या केंद्राकडे जायचे. रेगनने बॅटरला फाउलमागून फाउल मारायला लावले, चेंडू पकडायला धडपडणारी पोरं रंगवली आणि सहा-सात मिनिटं तशीच काढली. तार सुरू झाली तेव्हा कळलं की तो बॅटर पहिल्याच चेंडूवर झेल देऊन कधीच बाद झाला होता. हा किस्सा रेगन जन्मभर आवडीने सांगत.

रेडिओने मायनर लीगला नुसता हात दिला असंही नाही. १९४९ साली अमेरिकेत ५९ मायनर लीग होत्या आणि सुमारे चार कोटी प्रेक्षक मैदानांवर आले होते. त्याच सुमारास मोठ्या लीगच्या प्रक्षेपणावरची प्रादेशिक बंधनं सैल झाली. न्यूयॉर्क आणि शिकागोचे सामने खेड्यापाड्यांतल्या घरांत ऐकू येऊ लागले. पाठोपाठ टीव्ही आला. गावच्या मैदानाकडे जाणारी पावलं घरीच थबकली आणि साठचं दशक उजाडेपर्यंत लीगची संख्या विसाच्या आसपास आली. जे संघ तगले ते गावाने धरून ठेवले म्हणून. १९५७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरचा संघ बंद पडायची वेळ आली, तेव्हा मॉरी सिल्व्हर यांच्या पुढाकाराने आठ हजारांहून अधिक नागरिकांनी शेअर घेऊन तो विकत घेतला. रॉचेस्टर रेड विंग्ज आजही गावाच्या मालकीचा आहे.

याच रेड विंग्जच्या वाट्याला व्यावसायिक बेसबॉलमधला सर्वांत लांब सामना आला. १८ एप्रिल १९८१, शनिवारची रात्र, ईस्टरची पूर्वसंध्या. ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटचं मॅकॉय स्टेडियम. नऊ इनिंग संपल्या तेव्हा १-१. एकविसाव्या इनिंगमध्ये रॉचेस्टरने एक धाव काढली, पॉटकेटच्या वेड बॉग्जने फटका मारून पुन्हा बरोबरी केली. ठरावीक वेळेनंतर नवी इनिंग सुरू करू नये हा नियम अंपायरांच्या हातातल्या पुस्तकात त्या वर्षी छापलाच गेला नव्हता, म्हणून खेळ चालू राहिला. वारा इतका बोचरा होता की खेळाडूंनी डगआउटमध्ये मोडक्या बॅटी जाळून हात शेकले. बॉब ड्रू आणि पीट टोरेझ हे दोघे रॉचेस्टरच्या रेडिओवर प्रत्येक चेंडू सांगत होते. लीगचे अध्यक्ष फोनवर सापडले तेव्हा कुठे सामना थांबवण्याचा हुकूम आला. घड्याळात पहाटेचे ४ वाजून ७ मिनिटं, ३२ इनिंग पूर्ण, स्कोअर २-२, मैदानावर १९ प्रेक्षक.

उरलेला सामना २३ जूनला झाला. तेव्हा मोठ्या लीगचे खेळाडू संपावर होते, म्हणून देशभरचे पत्रकार पॉटकेटला लोटले. तेहतिसावी इनिंग अठरा मिनिटांत आटोपली. डेव्ह कोझाने फटका मारला, मार्टी बॅरेट धावत आला, पॉटकेट ३-२. एकूण ८ तास २५ मिनिटांचा खेळ. त्या सामन्यातले बॉग्ज आणि रॉचेस्टरचा कॅल रिपकेन ज्युनियर पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. विजयी फटका मारणारा कोझा मोठ्या लीगमध्ये एकदाही खेळला नाही. मला मायनर लीग आवडते ती अशा कोझांसाठी. त्यांच्या आयुष्यातली सर्वोत्तम संध्याकाळ एखाद्या मंगळवारी अर्ध्या रिकाम्या मैदानावर येते. ती कुणीतरी नीट शब्दांत सांगितली आणि कुणीतरी लक्ष देऊन ऐकली, तर तिला साक्षीदार मिळतो.

आपल्याकडचाही एक मुलगा या वाटेने गेला. २००८च्या ‘मिलियन डॉलर आर्म’ स्पर्धेतून निवडलेले उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांना पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केलं. दोघंही मूळचे भालाफेकपटू, बेसबॉल कधी न खेळलेले. रिंकू वेस्ट व्हर्जिनिया पॉवर या चार्ल्सटनच्या संघापर्यंत पोचला. अ‍ॅपलेशियन डोंगरांतल्या गावात गोपीगंजच्या बाजूचा डावखुरा पिचर मैदानात उतरतोय, हे वर्णन ऐकण्याजोगंच होतं.

आता बदल झपाट्याने होताहेत. २०२२ मध्ये मायनर लीगच्या सर्व पायऱ्यांवर पिचरला ठरावीक वेळात चेंडू टाकायला लावणारं घड्याळ आलं आणि सामना सरासरी पंचवीस मिनिटांनी आटोपशीर झाला. खेळ सुटसुटीत झाला हे खरं, पण दोन चेंडूंच्या मधली गोष्ट सांगायला समालोचकाला पूर्वीची उसंत उरली नाही. २०१८ पासून जादा इनिंग दुसऱ्या बेसवर धावपटू ठेवूनच सुरू होते, त्यामुळे पॉटकेटसारखी रात्र आता होणे नाही. मला याहून जास्त काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. खर्च वाचवण्यासाठी काही क्लबांनी बाहेरगावच्या सामन्यांना समालोचक पाठवणं बंद केलं. तो घरच्या मैदानावर बसून पडद्यावर बघून बोलतो, किंवा ते सामने सांगितलेच जात नाहीत. पडद्याबाहेरचा आउटफिल्डर कुठे उभा आहे, वारा कसा आहे, हे त्याला दिसत नाही, म्हणून आपल्यालाही ऐकू येत नाही. बसमधलं एक आसन आणि हॉटेलची एक खोली वाचवण्यासाठी मोजलेली ही किंमत फार मोठी आहे.

हे सगळं पुण्यात बसून ऐकता येतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. बहुतेक संघांचं रेडिओ प्रक्षेपण इंटरनेटवर खुलं असतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी सुरू होणारा सामना उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे ४ वाजून ३५ मिनिटांनी लागतो, पश्चिम किनाऱ्यावरचा सकाळी ७ वाजून ३५ मिनिटांनी. मी हाताशी स्कोअरची वही ठेवतो आणि तुम्हीही ठेवा. मैदानावरच्या प्रत्येक जागेला आकडा आहे: पिचर १, कॅचर २, तिन्ही बेस ३, ४, ५, शॉर्टस्टॉप ६, आउटफिल्डर डावीकडून ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून दुसऱ्या बेसवर दिला आणि तिथून तो पहिल्यावर गेला की लिहायचं ६-४-३, दोन बाद. स्ट्राइकआउट झाला, म्हणजे बॅटर तीन स्ट्राइकनी बाद झाला, की इंग्रजी के, आणि बॅट न हलवता बाद झाला तर तोच के उलटा. वही भरत गेली की समालोचकाने न सांगितलेलंही दिसायला लागतं. हा पिचर पाचव्या इनिंगनंतर दमतो, या बॅटरला बाहेरचा चेंडू झेपत नाही.

हंगाम मार्चअखेरीस किंवा एप्रिलच्या सुरुवातीला उघडतो आणि सप्टेंबरात मिटतो. सुरुवात करायची तर रॉचेस्टर किंवा टोलीडो निवडा, नाहीतर नाव आवडलं म्हणून लान्सिंग. एकच संघ धरा आणि महिनाभर सोडू नका. मंगळवार ते रविवार सहा सामने एकाच प्रतिस्पर्ध्याशी होतात. आपल्याकडे ते बुधवारच्या पहाटेपासून मोजायचे. पहिले दोन दिवस नावं नुसती कानांवरून जातील. शुक्रवार उजाडेपर्यंत दोन्ही संघांची फलंदाजीची क्रमवारी पाठ झालेली असेल.