शिलोहाचा बुरूज, घाटकोपरचा फलक आणि आपली प्रवचने

१३ मे २०२४ रोजी सायंकाळी वादळी वाऱ्यात घाटकोपर पूर्वेला छेडानगर येथील पेट्रोल पंपावर एक अवाढव्य जाहिरातफलक कोसळला. त्याखाली सापडून १७ जणांचा मृत्यू झाला व सत्तरहून अधिक जखमी झाले. अशा घटनेनंतर रविवारच्या मिस्साला येणारा भाविक मनात एक प्रश्न घेऊन येतो : देव दयाळू आणि सर्वसमर्थ आहे, तर हे का घडले?

लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात असाच प्रसंग आहे. शिलोहातील बुरूज कोसळून १८ माणसे दगावली होती. ती यरुशलेमच्या इतर रहिवाशांपेक्षा अधिक पापी होती काय, असे येशूने स्वतःच विचारले आणि स्वतःच ‘नाही’ म्हटले. मृतांच्या पापांचा हिशेब न मांडता त्याने जिवंतांना पश्चात्तापास बोलावले. धर्मगुरूंना प्रवचनासाठी याहून स्पष्ट वस्तुपाठ कोणता हवा?

तरीही ‘देवाची इच्छा’ हे शब्द आपल्या ओठांवर फार लवकर येतात. वारा निसर्गाचा होता; फलक मात्र माणसांनीच उभारला होता. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची असताना तो कितीतरी मोठा होता. हे सारे देवाच्या इच्छेवर ढकलणे म्हणजे माणसाचा अपराध देवाच्या माथी मारणे होय. प्रवचनकाराने येथे मानवी पाप हा शब्द निःसंकोच वापरावा.

परंतु ज्या आजारात कोणाचाच दोष नसतो, तेथे काय बोलावे? ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, तोवर ते खरे मित्र होते. स्पष्टीकरणे सुरू झाली आणि सारे बिघडले. ग्रंथाच्या शेवटी देवाचा कोप या धर्मरक्षकांवर होतो, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे! अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. ख्रिस्तसभा तेही प्रार्थना म्हणून म्हणते. म्हणूनच अंत्यविधीच्या प्रवचनात ‘चांगली माणसे देव लवकर नेतो’ असे सांगून आईचे रडणे थांबवू नये. लाजराच्या कबरेपाशी प्रभूही रडला होता, आणि पुढच्याच घटकेला तो त्याला उठवणार होता.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर प्रेषितीय पत्र लिहिले. १९८१ साली बंदुकीच्या गोळ्या झेललेल्या माणसाचे ते चिंतन आहे. दुःख ख्रिस्ताच्या क्रूसाशी जोडता येते, असे ते शिकवते, आणि शेवटाकडे दयाळू शोमरोन्यापाशी येते. हा क्रम महत्त्वाचा वाटतो. स्वतःचे दुःख अर्पण करणे ही श्रद्धा आहे. दुसऱ्याला ‘तुझे दुःख अर्पण कर’ असे सुनावणे सोपे आहे.

आपल्या उपनगरांतील जुन्या गावठाणांत १८९६ च्या प्लेगनंतर उभारलेले क्रूस आजही दिसतात. ‘का?’ या प्रश्नाचे उत्तर आपल्या पूर्वजांना मिळाले होते असे नाही. त्यांनी रस्त्याच्या कडेला क्रूस उभारला आणि शेजाऱ्यांसह त्याच्यापुढे प्रार्थना केली.

शिलोहाचा उतारा उपवासकाळाच्या तिसऱ्या रविवारी, ‘क’ वर्षात येतो. २३ मार्च २०२५ रोजी तो वाचला गेला. पुन्हा २०२८ साली वाचला जाईल.