विमानप्रवासातील ग्लुटेनवर्ज्य आहार : वैद्य आणि औषधालयचालक यांचे दायित्व

गोधूम हे धान्य आयुर्वेदाने कधीही निंद्य मानलेले नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील अन्नपानविधी अध्यायात त्याची गणना मधुर, शीत, स्निग्ध, गुरू, वातहर, बृंहण आणि स्थैर्यकर अशी केली आहे. परंतु जे द्रव्य बहुतेकांना स्थैर्य देते, तेच काही रुग्णांच्या लघ्वंत्राला आयुष्यभरासाठी असात्म्य ठरते. आधुनिक वैद्यक या व्याधीस सीलिअ‍ॅक डिसीज म्हणते. गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लुटेन हे प्रथिन त्याचे निमित्त होय. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात गहू वर्ज्य केल्याने ही बालके सुधारतात हे साधार मांडले. तेव्हापासून आजतागायत या व्याधीवर निदानपरिवर्जन हीच मुख्य चिकित्सा राहिली आहे.

आम्ही रेवदंड्यास व्यवसाय करतो. हा भाताचा मुलूख. कुंडलिकेच्या खाडीकाठी भात, मासे, नारळ यांवर पिढ्या वाढल्या, त्यामुळे हा व्याधी येथे फारसा नसावा असा समज स्वाभाविक आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय सर्वेक्षणात उत्तर भारतात त्याच्या प्रतिपिंडांचे प्रमाण १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के आढळले. जनुकीय प्रवणता मात्र तिन्ही प्रदेशांत जवळजवळ सारखीच होती, ठळक फरक होता गव्हाच्या सेवनात. आता किनाऱ्यावरही दोन्ही वेळा पोळी आणि न्याहारीस पाव-बिस्किटे आली आहेत. म्हणून दीर्घकालीन अतिसार, न सुधारणारा पांडू किंवा मुलाची खुंटलेली वाढ दिसल्यास या व्याधीचा विचार व्हावा. येथे एक सूचना आवश्यक वाटते. टीटीजी ही रक्ततपासणी होण्यापूर्वी गहू बंद करू नये, अन्यथा तपासणी खोटा दिलासा देते.

घरी पथ्य उत्तम पाळणारा रुग्ण प्रवासात चुकतो, आणि विमानप्रवासात अधिकच. ‘आम्हाला विमानात काय खायला मिळेल?’ असे विचारणारे रुग्ण आता खेडोपाडी भेटतात. कोणी जहाजावरील नोकरीसाठी निघालेला असतो, कोणी आखातात, कोणी परदेशी असलेल्या मुलीकडे. इस्राएलमध्ये स्थायिक झालेली बेने इस्राएल कुटुंबे रेवदंड्याच्या बेथ एल सिनेगॉगला भेट देण्यास येतात, तीही विमानानेच. २५ डिसेंबर २०२५ पासून उलवे येथील नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी उड्डाणे सुरू झाली आणि विमान आमच्या रायगड जिल्ह्यातच उतरू लागले. तेव्हा या विषयाचा विचार महानगरातील वैद्यांवर सोडून चालणार नाही.

‘विमानस्थान’ आणि विमान

चरकसंहितेतील विमानस्थानाचा आकाशातील विमानाशी संबंध नाही, हे वाचकांस सांगणे नलगे. तेथे विमान म्हणजे विशेष मान, दोष-द्रव्यादींचे मापन. तथापि त्याच स्थानाच्या पहिल्या अध्यायातील आठ आहारविधिविशेषायतने विमानातील ताटास लावून पाहिली, तर प्रश्नाचा उलगडा होतो. त्यांपैकी चार येथे विशेष महत्त्वाची आहेत.

करण, म्हणजे संस्कार. विमानातील अन्न बरेच तास आधी जमिनीवरील मोठ्या स्वयंपाकघरात सिद्ध होते, थंड केले जाते आणि विमानात केवळ गरम होते. रश्शास दाटपणा यावा म्हणून मैदा घालणे तेथे नित्याचे. हवाई सेविकेस त्यातील घटक ठाऊक असतीलच असे नाही, म्हणून आयत्या वेळी केलेली विचारपूस निष्फळ ठरते. विमान कंपन्यांत विशेष भोजनाचे संकेत ठरलेले आहेत, त्यांत ग्लुटेनवर्ज्य भोजनाचा संकेत ‘जीएफएमएल’ असा आहे. त्याची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी. बहुतेक कंपन्या किमान २४ तास आणि काही ४८ तास आधीची सूचना मागतात. विमान बदलले, वेळ बदलली किंवा पुढील टप्पा दुसऱ्या कंपनीचा असला, तर नोंद पुन्हा तपासावी. कमी दराच्या व अल्प पल्ल्याच्या उड्डाणांत ही सोय नसणे शक्य आहे.

संयोग. शाकाहारी रुग्ण हिंदू शाकाहारी भोजनाचा ‘एव्हीएमएल’ हा संकेत निवडून निश्चिंत होतो. त्यात गहू वर्ज्य असल्याची कोणतीही हमी नसते. पराठा, रव्याचा उपमा, शेवयांची खीर हे सर्व शाकाहारीच आहे. जैन आणि कोशर भोजनाचेही तसेच. शिवाय जीएफएमएल ताटातही सर्वांसोबतचा पाव किंवा बिस्किटाचे पाकीट चुकून ठेवले जाऊ शकते. वेष्टन न फोडता ते परत करावे आणि सुट्या पावाचा स्पर्श झालेले अन्न घेऊ नये. सोया सॉसमध्ये गहू असतो आणि माल्ट म्हणजे जवच, हेही रुग्णास सांगून ठेवावे.

राशी, म्हणजे मात्रा. ‘एक घासाने काय होते?’ हा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात. २००७ साली इटलीतील कतासी व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिले असता आंत्राच्या श्लेष्मल त्वचेस इजा दिसली. पावाच्या एका चकतीत सुमारे दोन ग्रॅम ग्लुटेन असते. म्हणजे चकतीचा चाळिसावा भागही नित्य सेवनात उपद्रवी ठरतो. ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणवणाऱ्या अन्नास किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा याच कारणाने आहे. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा नियमांनीही तीच स्वीकारली आहे.

देश. उड्डाणात केबिनमधील दाब सुमारे ८,००० फूट उंचीइतका उतरू शकतो आणि आंत्रातील वायू सुमारे एक तृतीयांशाने प्रसरण पावतो. हवा कोरडी, आसन एकच, निद्रा अपुरी. वातप्रकोपाची सर्व सामग्री तेथे जमते. त्यामुळे आध्मान निरोगी प्रवाशासही होते. व्याधिग्रस्त प्रवासी मात्र भितो, आणि खिशातील पाचक चूर्ण काढतो. या चूर्णाचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

प्रवासाची शिदोरी

विमानातील ताटावर पूर्ण भिस्त ठेवू नये. उशीर झालेल्या उड्डाणासह पुरेल इतके अन्न प्रवाशाने सोबत घ्यावे. आमच्या अनुभवात पथ्याची यादी देण्यापेक्षा एक वाक्य अधिक उपयोगी पडते. रुग्णाच्या घरी सांगावे, ‘एकादशीला चालते ते याला चालते.’ उपवासाच्या स्वयंपाकात गहू नसतो, मैदा नसतो, आणि परंपरेने हिंगही नसतो. राजगिऱ्याची वडी, शेंगदाणा-गुळाचा लाडू, साबुदाण्याचा कोरडा चिवडा, खजूर, केळी हे सर्व प्रवासात टिकते. त्यात भाजक्या पोह्यांचा बिनहिंगाचा व बिनशेवेचा चिवडा, कुरमुरे आणि नाचणीचे लाडू यांची भर घालावी. मात्र बाजारातील उपवासाचे तळीव पदार्थ ज्या कढईत फरसाण तळले त्याच तेलात तळलेले असू शकतात, म्हणून घरचेच बरे.

आपल्या घरगुती पदार्थांतही काही सापळे आहेत. लघू आहार म्हणून आपण मेतकूट-भात सुचवतो, परंतु मेतकुटात डाळी-तांदळांबरोबर बहुधा गहू आणि हिंग असतात. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. सातूचे पीठ जवाचे किंवा गव्हाचे असू शकते. नावावर जाऊ नये याचे उत्तम उदाहरण म्हणजे मलिदा. आमच्याकडील बेने इस्राएल बांधवांचा मलिदा भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे यांचा असतो, अन्यत्र याच नावाचा पदार्थ गव्हाची पोळी कुस्करून करतात. पिठाची गिरणी हा आणखी एक दुर्लक्षित मार्ग होय. गव्हानंतर त्याच जात्यावर दळलेले तांदळाचे पीठ शुद्ध राहत नाही. या रुग्णांचे पीठ घरी मिक्सरवर किंवा स्वतंत्र घरगुती चक्कीवर करावे.

तपासणीचे नियमही ध्यानात असावेत. आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातील सामानातील द्रव पदार्थ १०० मिलिलिटरपर्यंतच्या पात्रांतच नेता येतात. ग्रहणीत आपण प्रशंसिलेले ताक या नियमाने बाहेर राहते, आणि दही व ओली चटणीही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या ‘कोप्रा’ या नावाने धोकादायक मालाच्या यादीत येतात, त्या सामानात घेऊ नयेत. अमेरिकेस जाणाऱ्याने कच्चा तांदूळ बांधून घेऊ नये, खापरा भुंगेऱ्याच्या भयाने भारतातील तांदूळ तेथे प्रवाशांकडून काढून घेतला जातो. अन्य देशांतही उतरण्यापूर्वी सोबतचे अन्न घोषित करावे.

औषधातील गहू

आता मूळ मुद्द्याकडे वळू. रुग्ण विमान कंपनीस प्रश्न विचारतो, उपाहारगृहास विचारतो, आपणांस मात्र विचारत नाही, कारण वैद्याच्या औषधावर त्याचा विश्वास असतो. हा विश्वास आपण तपासून घेतला पाहिजे.

बाजारात सामान्यतः मिळणारा हिंग हा बांधानी हिंग होय. शुद्ध हिंग उग्र, म्हणून त्यात डिंक आणि गव्हाचे किंवा तांदळाचे पीठ मिसळून तो बांधतात. आता हिंग्वाष्टक चूर्ण घ्या. त्यात आठ द्रव्ये समभाग, म्हणजे हिंग एक अष्टमांश. तीन ग्रॅमची मात्रा दोन वेळा दिली, तर दिवसाचे सहा ग्रॅम चूर्ण आणि त्यात ७५० मिलिग्रॅम हिंग. तो बांधानी असून त्यात निम्मा मैदा आहे असे गृहीत धरले, तर ३७५ मिलिग्रॅम मैदा, आणि मैद्यात ग्लुटेन सुमारे दहावा भाग धरता ३५ ते ४० मिलिग्रॅम ग्लुटेन रोज पोटात जाते. वर सांगितलेल्या ५० मिलिग्रॅमशी ही संख्या ताडून पाहावी. विमानात आध्मान झाले म्हणून घेतलेली आणि पुढे परदेशी महिनाभर चालू ठेवलेली हीच पुडी ताटातील सर्व पथ्यावर पाणी फिरवू शकते. लशुनादि वटी, रजःप्रवर्तनी वटी यांतही हिंग आहे. ग्रंथकारांना अभिप्रेत हिंग हा हिंगच होता, पिठात बांधलेला नव्हे. म्हणून शुद्ध हिंग वापरणे हे या रुग्णापुरते नव्हे, तर औषधाच्या गुणवत्तेच्या दृष्टीनेही इष्ट आहे.

हिंगाशिवाय अन्य स्थळेही आहेत. अगस्त्य हरीतकीच्या पाठात यव आहे. वट्यांच्या बांधणीसाठी वापरलेला स्टार्च मक्याचा आहे की गव्हाचा, हे विचारावे लागते. गव्हांकुराचा रस व चूर्ण या रुग्णांना देऊ नये, कारण पात्यासोबत दाणा येण्याचा संभव राहतो. माल्टयुक्त बलवर्धक पूड वर्ज्यच. यवक्षाराविषयी शंका घेतली जाते, तथापि तो भस्मापासून केलेला क्षार असल्याने त्यात प्रथिन उरत नाही.

औषध नियमांतील नियम १६१ नुसार आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर घटकांची खरी यादी असणे बंधनकारक आहे. परंतु यादीत ‘हिंग’ असे लिहिले म्हणजे तो कोणता हे कळत नाही. ते उत्पादकासच लेखी विचारावे लागेल.

वैद्याने व औषधालयाने काय करावे

एक : अशा रुग्णास प्रवासापूर्वी एक पत्र द्यावे. त्यात निदान, वर्ज्य धान्ये, सोबत अन्न नेण्याची वैद्यकीय गरज आणि चालू औषधे इंग्रजीत लिहावीत. गंतव्य देशाच्या भाषेतील लहान चिठ्ठीही सोबत असल्यास उत्तम.

दोन : सीलिअ‍ॅक आणि गव्हाची अ‍ॅलर्जी यांत गल्लत करू नये. अ‍ॅलर्जीत काही मिनिटांत श्वासावरोध होऊ शकतो. त्या रुग्णास तज्ज्ञाने दिलेले अ‍ॅड्रिनलिन सोबत ठेवण्यास सांगावे.

तीन : पर्पटी, तक्र आणि दीपन-पाचन यांचा ग्रहणीतील उपयोग आपण जाणतो. परंतु त्यांच्या बळावर ‘आता गहू चालेल’ असे कोणासही सांगू नये. लक्षणे शमली तरी पथ्य आमरण आहे.

चार : प्रवासातील आध्मानासाठी हिंगविरहित योग द्यावा. साधे शुंठी-जिरे चूर्ण किंवा भाजलेला ओवा घरी कुटून दिल्यास पुरे होते. विमानात मितभोजन आणि थोडे थोडे कोष्ण जल.

पाच : औषधालयचालकांनी हिंग, यव वा स्टार्च असलेल्या योगांची सूची करावी, प्रत्येक उत्पादकाकडून हिंगातील व स्टार्चमधील धान्याचा लेखी खुलासा मागवावा आणि तो त्या कप्प्यावर चिकटवून ठेवावा. सूट्या चूर्णांसाठी स्वतंत्र चमचा व स्वतंत्र खल असावा. जे वैद्य स्वतः चूर्णे सिद्ध करतात त्यांनी शुद्ध हिंग मागवून त्याची पावती जपून ठेवावी.

असे खुलासे जिल्ह्यातील चार-पाच औषधालयांनी जरी मागवले, तरी उत्पादकांना उत्तर द्यावे लागेल. आलेली उत्तरे सभासदांनी एकमेकांस अवश्य कळवावीत. येत्या मे महिन्याच्या सुटीत परदेशी निघणारा रुग्ण आपल्या दाराशी येईल, तेव्हा हिंग्वाष्टकाच्या बाटलीत कोणते धान्य आहे हे त्याला सांगता आले पाहिजे.