मेंदू आणि पाठीचा कणा यांची अंतश्चित्रे

परभणी जिल्ह्यातील ताडकळस या गावी दोन घरे कल्पावीत. एका घरी आजीबाईंचे अर्धे अंग एकाएकी लुळे पडले असून वाचा अडखळत आहे. दुसऱ्या घरी कर्ता पुरुष आठ दिवस कंबर धरून बसला आहे. शेजारीपाजारी दोघांसही एकच सल्ला देतात : शहरात जाऊन 'स्कॅन' काढून आणा. परंतु पहिल्या घरी या कामास घटकाभराचाही विलंब घातक आहे, तर दुसऱ्या घरी त्याची बहुधा गरजच नाही. हा भेद उमगण्यास त्या यंत्रांचे कार्य समजून घेतले पाहिजे.

साध्या क्ष-किरणचित्रात हाडांची छाया उमटते. कवटीत दडलेला मेंदू दिसत नाही. ही अडचण गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज अभियंत्याने दूर केली. त्याच्या सी. टी. यंत्रात क्ष-किरणांची नळी रुग्णाभोवती फिरते, निरनिराळ्या दिशांनी किती किरण पार गेले याची मोजदाद होते, आणि त्या आकड्यांवरून संगणक शरीराच्या एकेका पातळ कापाचे चित्र रचतो. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडन येथे या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र काढले. 1979 साली हाउन्सफील्ड व अॅलन कॉरमॅक यांस नोबेल पारितोषिक मिळाले.

आजीबाईंस प्रथम हेच यंत्र हवे. पक्षाघात दोन प्रकारे होतो : मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते, किंवा ती वाहिनी फुटते. बाहेरून लक्षणे सारखीच. गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तेच रक्तस्रावात दिल्यास प्राणावर बेतते. ताजे रक्त सी. टी. चित्रात पांढरे उमटते, म्हणून काही मिनिटांत निवाडा होतो. गुठळीची खूण मात्र पहिल्या काही तासांत दिसेलच असे नाही. यास्तव चित्र स्वच्छ आले एवढ्यावरून रुग्णास घरी परत आणू नये.

दुसरे यंत्र एम्. आर्. आय्. यात क्ष-किरण नाहीत. शरीरात पाणी विपुल असते, आणि पाण्यातील हायड्रोजनचे प्रत्येक केंद्रक म्हणजे एक सूक्ष्म चुंबकच होय. पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राहून सुमारे तीस हजारपट प्रबळ अशा चुंबकात रुग्णास निजवून सेकंदास सुमारे 6 कोटी 40 लक्ष कंपनांची रेडिओ-लहर सोडली की ती केंद्रके डोलू लागतात, व लहर थांबताच क्षीण संदेश परत धाडतात. मद्यार्कातील वेगवेगळ्या जागचे हायड्रोजन वेगवेगळे संदेश देतात, हे 1951 साली अमेरिकेत ज्या तिघांनी दाखविले, त्यांत डॉ. एस्. एस्. धर्मट्टी हे एक होते. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी या विषयाचे संशोधन उभे केले. अशा संदेशांपासून चित्र घडविण्याची रीत पॉल लॉटरबर यांनी 1973 साली प्रसिद्ध केली.

मज्जारज्जू, नसा आणि मणक्यांमधील गाद्या या यंत्रात उत्तम दिसतात. किंबहुना गरजेहून अधिक दिसते. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, पाठदुखी मुळीच नसलेल्या विशीतील माणसांपैकी शेकडा 37, तर ऐंशी वर्षांच्या माणसांपैकी शेकडा 96 जणांच्या गाद्या झिजलेल्या आढळल्या. केस पिकावेत तशीच ही झीज. ती चित्रात दिसली म्हणजे दुखण्याचे कारण सापडले, असे होत नाही. साधी कंबरदुखी बहुधा काही आठवड्यांत उतरते. मात्र पायांतील शक्ती जाणे, मलमूत्रावरील ताबा सुटणे, सोबत ताप असणे वा वजन घटणे, अशी चिन्हे दिसल्यास तत्काळ वैद्यास गाठावे. मणक्याचा क्षय किंवा गाठ अशा वेळी एम्. आर्. आय्. ने लवकर ओळखता येते.

एक सावधगिरी सर्वांनी ध्यानी ठेवावी. या यंत्रातील चुंबक चित्र निघत नसतानाही जागेच असते. जानेवारी 2018 मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात प्राणवायूचे नळकांडे घेऊन त्या खोलीत गेलेला एक तरुण यंत्राकडे ओढला जाऊन प्राणास मुकला. म्हणून आत जाण्यापूर्वी अंगावरील धातूची प्रत्येक वस्तू काढावी. शरीरात हृदयाचे यंत्र, चाप वा धातूचा तुकडा असल्यास तो आधी सांगावा. आणि कोणत्याही चित्रापूर्वी वैद्यास एवढे अवश्य विचारावे की, या चित्रामुळे उपचारात काय बदल होणार?