उजेडावर वाढणारा शिंपला

प्रवाळांच्या टाकीतल्या माशांना भूक लागली की ते काचेपाशी येतात. महाशिंपल्याचं तसं नाही. त्याचं जेवण सकाळी दिवे लागले की सुरू होतं आणि दिवे मालवले की बहुतांशी थांबतं. शिंपांच्या फटीतून बाहेर पसरलेल्या त्याच्या मांसल पडद्यात झूझँथेली नावाची सूक्ष्म शैवालं राहतात. पोटापासून निघून पडद्यात पसरलेल्या बारीक नळ्या हे त्यांचं घर. उजेड मिळाला की ती अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा शिंपल्याला देतात. म्हणून त्याला खाऊ घालणं म्हणजे मुख्यतः या शैवालांचं घर नीट ठेवणं, हे मी त्याच्या सहवासात शिकले.

न्यू जर्सीतल्या आमच्या घरात, तळमजल्याखालच्या बेसमेंटमध्ये सुमारे साडेतीनशे लिटरची टाकी आहे. तिच्यात थोडे प्रवाळ, क्लाउनफिशची जोडी आणि तळाच्या वाळूवर डेरासा जातीचा शिंपला. मॅक्झिमा आणि क्रोसिया या जातींना फार तीव्र उजेड लागतो. डेरासा त्या मानाने सोशिक. तरी नवा शिंपला एकदम भर उजेडात ठेवायचा नसतो. आधी दिवे मंद ठेवायचे आणि काही आठवड्यांत हळूहळू वाढवायचे. बसवताना त्याच्याखाली एक चपटा दगड ठेवते. शिंपल्याच्या बुडाशी असलेल्या फटीतून त्याचा पाय बाहेर येतो आणि चिवट धाग्यांनी दगडाला धरून बसतो. मग जागा बदलायची झाली तर दगडासकट उचलता येतो. चिकटलेला शिंपला ओढून काढला तर धाग्यांबरोबर पायही फाटतो आणि ती जखम बहुधा जिवावर बेतते.

उजेडानंतर पाणी. शिंप कॅल्शियम कार्बोनेटची, आणि तिचा सगळा माल पाण्यातूनच येतो. कॅल्शियम प्रतिलिटर ४०० ते ४५० मिलिग्रॅम, अल्कलिनिटी (ढोबळमानाने पाण्यातल्या कार्बोनेटांचं प्रमाण) ८ ते ९ डीकेएच, क्षारता हजारी ३५ भाग, तापमान २५-२६ अंश सेल्सियस, हे आकडे मी सांभाळते. संध्याकाळी काचेच्या छोट्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब मोजत रसायन घालायचं, रंग पालटला की वहीत नोंद करायची. जितकं कमी झालं तितकं कॅल्शियमचं आणि अल्कलिनिटीचं द्रावण वेगवेगळं, थोडं थोडं सोडायचं. आकडा थोडा इकडेतिकडे असला तर चालतं, पण तो रोज उड्या मारू लागला तर शिंपला पडदा आखडून घेतो. सगळं जमून आलं की शिंपेच्या वरच्या कडेला नव्या वाढीची पांढरीशुभ्र पट्टी दिसते. ती रुंद होऊ लागली की अल्कलिनिटी अधिक वेगाने खाली येते. द्रावणाची मात्रा तेव्हा वाढवावी लागते.

पाणी अतिस्वच्छ असणंही बरं नाही. शिंपला पाण्यात विरघळलेला नायट्रोजन थेट शोषतो आणि त्यावर त्याची शैवालं पोसली जातात. माशांना घातलेलं अन्न त्यांच्या विष्ठेवाटे आणि अमोनियावाटे अखेर शिंपल्यापर्यंत पोचतं. नायट्रेट शून्यावर आलं तर मी माशांना थोडं जास्त खायला घालते.

उरतं ते गाळून खाणं. हा शिंपला एका तोंडाने पाणी आत घेतो, कल्ल्यांतून गाळतो आणि दुसऱ्या तोंडाने सोडतो. लहान शिंपल्यांचा गाळून खाण्यावर अधिक भर असतो, असं अनेक पाळणारे मानतात. त्यासाठी मी आयसोक्रायसिस हे एकपेशीय शैवाल घरीच वाढवते. उकळून गार केलेलं खारं पाणी, खताचे काही थेंब, शैवालाचं बियाणं, हवेचा पंप आणि बाटलीमागे एक दिवा. आठवड्याभरात पाणी कोऱ्या चहासारखं तपकिरी-सोनेरी होतं. अर्धं काढून घ्यायचं आणि उरलेल्यात नवं खारं पाणी व खत घालायचं. गुठळ्या झाल्या किंवा कुबट वास आला तर ती बाटली टाकून द्यायची, भांडी ब्लीचने धुवायची आणि राखून ठेवलेल्या बियाण्यातून नव्याने सुरुवात करायची. काढलेलं शैवाल फ्रिजमध्ये राहतं, रोज एकदा हलवावं लागतं. खायला घालताना स्किमर, म्हणजे फेसातून घाण काढणारं यंत्र, तासभर बंद करते, नाहीतर तो शैवाल ओढून घेतो. पिचकारीने शिंपल्याच्या तोंडात कधीच सोडत नाही. तो दचकून मिटतो आणि आत घेतलेलं पाणी फेकून देतो. वाहत्या पाण्यात सोडलेलं त्याला पुरतं.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो बघण्यात. पडद्याच्या कडेला बारीक डोळ्यांची रांग असते. हात टाकीवरून गेला तरी सावली पडताच पडदा आत जातो. निरोगी शिंपला चटकन मिटतो आणि थोड्या वेळात उघडतो. पाणी आत घेणारं तोंड सतत ताणून उघडं राहिलं किंवा सावलीला प्रतिसाद मंदावला, तर लगेच पाणी तपासते. रात्री टॉर्च घेऊन शिंपेच्या पायथ्याशी आणि खवल्यांखाली बघते. पिरॅमिडेलिड नावाच्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या गोगलगायी अंधारात वर चढतात आणि शिंपल्याचा रस शोषतात. त्या आणि त्यांच्या अंड्यांचे चिकट पुंजके मऊ टूथब्रशने घासून काढायचे आणि काही आठवडे तपासत राहायचं.

देखण्या महाशिंपल्यांवर मांसासाठी आणि शिंपांसाठी मोठा आघात झाला आहे. त्यांच्या सगळ्या जाती साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाना लागतो. १९८० च्या दशकात पलाऊमधल्या मायक्रोनेशियन मॅरिकल्चर डेमॉन्स्ट्रेशन सेंटरने डेरासाची मोठ्या प्रमाणावर पैदास करून दाखवली. तेव्हापासून समुद्रातून न उपटलेला शिंपला मिळवणं शक्य झालं. शिंपला घ्यायचाच तर पैदास केंद्रातलाच आणि कागदपत्रं बघून. भारतात महाशिंपल्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे, त्यामुळे तिथल्या मित्रमंडळींना मी तो पाळायला कधीच सुचवत नाही. लक्षद्वीपच्या उथळ पाण्यात तो आपल्या जागी बघावा.

डेरासा अर्ध्या मीटरपर्यंत वाढतो आणि अनेक वर्षं जगतो. दुकानातला तळहाताएवढा शिंपला घेताना हाच हिशेब मनात हवा. आधी टाकी मुरू द्यावी, काही महिने अल्कलिनिटी स्थिर ठेवून बघावी, मोठ्या टाकीची तयारी ठेवावी आणि मगच तो घरी आणावा. शैवालाची बाटली त्यानंतरची गोष्ट.