प्राण्याचा अवयव आणि शेजाऱ्याचे आरोग्य

७ जानेवारी २०२२ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर येथे डेव्हिड बेनेट या ५७ वर्षीय रुग्णाच्या शरीरात, जनुकीय बदल केलेल्या डुकराचे हृदय बसविण्यात आले. दोन महिन्यांनी त्यांचे निधन झाले. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांतच त्यांच्या रक्तात डुकरांमधील सायटोमेगॅलो विषाणूचे अंश आढळले होते. सुप्तावस्थेतील हा विषाणू डुकराच्या पूर्वतपासणीत निसटला होता. मृत्यूचे ते एकमेव कारण नव्हते. तरी धोका काल्पनिक नाही, हे स्पष्ट झाले.

डुकराच्या ऊतींपासून बनविलेली हृदयाची झडप अनेक दशके वापरात आहे. मात्र ती रसायनांनी प्रक्रिया केलेली, निर्जीव असते. संपूर्ण हृदय किंवा मूत्रपिंड जिवंत पेशींचे असते व त्यांतून विषाणू येऊ शकतात. शिवाय, नवा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधांनी क्षीण केलेली असते.

बंदिस्त, निर्जंतुक संगोपनाने अनेक विषाणू टाळता येतात. परंतु काही रेट्रोव्हायरस डुकराच्या जनुकांतच वसलेले असतात. ते मानवी पेशींत शिरू शकतात, असे १९९७ साली प्रयोगशाळेत दिसून आले. २०१७ साली हे विषाणू निष्क्रिय केलेली पिले जन्माला घालण्यात आली. रुग्णांमध्ये मात्र त्यांची लागण झाल्याचे अद्याप आढळलेले नाही.

मग ख्रिस्तसभेची भूमिका काय? पोप पायस बारावे यांनी १९५६ साली असे प्रत्यारोपण तत्त्वतः निषिद्ध ठरविले नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली त्याला दोन अटी सांगितल्या: व्यक्तीच्या मानसिक व जनुकीय अस्मितेला बाध येऊ नये आणि रुग्णावर अवाजवी धोका लादला जाऊ नये. २००१ साली व्हॅटिकनच्या जीवनविषयक अकादमीने या प्रश्नावर सविस्तर निवेदन प्रसिद्ध करून संसर्गाबाबत विशेष सावधगिरीचा आग्रह धरला.

कारण येथे धोका एकट्या रुग्णाचा नाही. नवा विषाणू माणसात रुजला, तर तो कुटुंबीय, परिचारिका आणि समाज यांच्यापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून रुग्णाची संमती केवळ शस्त्रक्रियेपुरती नसते. दीर्घकाळ तपासणीखाली राहण्याचे बंधनही त्याने समजून-उमजून स्वीकारावे लागते. अवयवाची वाट पाहणाऱ्याची वेदना खरी आहे. तिच्यावर उपाय शोधताना शेजाऱ्याच्या जिवाची काळजी वाहणे, हाही शेजारप्रीतीचाच भाग होय.